प्लेगची कागदपत्रं विज्ञानाच्या वर्गात वाचली जावीत

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात सव्वीस वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या जिल्ह्यात तृतीय वर्षाच्या तोंडी परीक्षेला बाहेरची परीक्षक म्हणून गेले होते. प्लेगची लस कोणी तयार केली असं विचारलं की मुलं क्षणात सांगत होती, "हाफकिन, १८९७, मुंबई." ती लस सुरुवातीला कोणाला टोचली, हे मात्र दिवसभरात एकालाही सांगता आलं नाही. शेवटी तिथले सहकारी मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, हे अभ्यासक्रमात नाही. मुलं उगाच घाबरतात." त्यांचं म्हणणं नियमाला धरून होतं. ते अभ्यासक्रमात नाही आणि ते असायला हवं, एवढं सांगण्यासाठीच हे पत्र लिहिते आहे. थोडं लांबेल, तेवढी जागा द्यावी ही विनंती.

त्या प्रश्नाचं उत्तर असं. वाल्देमार हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. ब्रॉथवर, म्हणजे जंतू वाढवायच्या पातळ द्रवावर, तुपाचे थेंब सोडून त्यांनी प्लेगचे जंतू वाढवले. थेंबाखाली जंतूंचे लोंबते धागे तयार होत. भांडं हलवलं की ते गळून तळाशी जात आणि वर नवे धरत. हे जंतू उष्णतेने मारून लस बनवली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली, ताप काढला. महिनाअखेरीला भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती दिली. लस घेतलेले कैदी वाचले, न घेतलेल्यांपैकी काही दगावले. पाठ्यपुस्तकात या सगळ्याची एक ओळ होते, आणि त्या ओळीतून तुरुंग गळतो.

माझ्या वर्गात मी तो गळू देत नाही. गेली चार वर्षं दुसऱ्या सत्रातले सहा शनिवार मी तृतीय वर्षाच्या मुलांबरोबर १८९६ ते १९०७ या काळातली प्लेगची कागदपत्रं वाचते. वेळापत्रकात याला तास नाही, गुण नाहीत. मुलं तरी येतात. पहिल्या वर्षी नऊ होती, यंदा एकतीस झाली.

हे सुरू कशातून झालं ते सांगते. २०२१ च्या मे महिन्यात आमच्या तालुक्यातल्या एका लसीकरण केंद्रावर मी आणि माझे काही विद्यार्थी नोंदणीच्या मदतीला जात होतो. एक सत्तरीची आजी सुनेबरोबर आली, रांगेत तासभर बसली आणि नंबर आल्यावर उठून चालायला लागली. म्हणाली, "सरकार टोचायला येतं तेव्हा माणसं जातात. आमच्या थोरल्या सासूबाई सांगायच्या." माझ्याबरोबरचा मुलगा हसला. चांगला, हुशार मुलगा. आज तो एका औषध कंपनीत आहे. त्याला त्या बाईत अडाणीपणा दिसला. मला तेव्हाच काही बोलता आलं नाही, पण घरी जाऊन रात्री झोप लागेना. ती बाई जे सांगत होती त्याला इतिहासात कागद आहे, तारीख आहे, बाटलीचा क्रमांकसुद्धा आहे. माझ्या विद्यार्थ्याला लस कशी बनते हे येत होतं. लोक तिला का घाबरतात हे मी त्याला कधी शिकवलंच नव्हतं.

पहिला शनिवार एका कागदाचा असतो. साथरोग अधिनियम, १८९७ चा तिसरा. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी अमलात आला तेव्हा तो अवघ्या चार कलमांचा होता. मी तो एका पानावर छापून देते आणि मोठ्याने वाचायला लावते. दुसऱ्या कलमात सरकारला प्रवाशांची तपासणी करण्याचा आणि तपासणी अधिकाऱ्याला ज्याचा संशय येईल त्याला वेगळं ठेवण्याचा अधिकार आहे. तिसऱ्यात शिक्षा आहे. चौथ्यात असं आहे की या कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या कोणत्याही कृतीबद्दल कोणावर दावा चालणार नाही. आजारी माणसाला काय मिळेल, याबद्दल त्या मूळ चार कलमांत अक्षर नाही. हे मी सांगत नाही. मुलं शोधतात. दरवर्षी कोणीतरी पान उलटून मागची बाजू कोरी आहे ना ते बघतं.

मग त्यांना मी विचारते, हा कायदा कधी रद्द झाला असेल? कोणी १९४७ म्हणतं, कोणी १९५०. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने कोविडचे नियम याच कायद्याखाली काढले, हे सांगितलं की वर्ग गप्प होतो. तेव्हा ही मुलं शाळेत होती. घरी विलगीकरणात असलेल्यांच्या डाव्या हातावर मारलेले शाईचे शिक्के त्यांनी पाहिलेत. एका मुलीचे वडील मुंबईत टॅक्सी चालवायचे. ते गावी आले तर चौदा दिवस त्यांना मराठी शाळेत ठेवलं. ती रोज खिडकीशी डबा घेऊन जायची. कायद्यातला विलगीकरणाचा शब्द वाचताना तिचा आवाज बसला. त्या दिवशी पुढचं वाचन झालं नाही आणि ते व्हायची गरजही नव्हती.

दुसरा शनिवार आकड्यांचा. बडोदा संस्थानातल्या उंढेरा गावात फेब्रुवारी १८९८ मध्ये हाफकिन यांनी घराघरातली निम्मी माणसं टोचली, निम्मी तशीच ठेवली. पुढे ज्या २८ घरांत प्लेग शिरला, त्या घरांत लस टोचलेली ७१ माणसं होती. त्यांतली ८ आजारी पडली, ३ गेली. न टोचलेली ६४ होती. त्यांतली २७ आजारी पडली, २६ गेली. मुलं गणित करतात. मृत्यूचं प्रमाण एकीकडे चार टक्क्यांच्या आसपास, दुसरीकडे चाळीसच्या वर. म्हणजे नव्वद टक्क्यांच्या जवळपास घट. एकाच घरातली, एकच पाणी पिणारी, एकाच जमिनीवर झोपणारी माणसं तुलनेला घेतली, ही किती सुंदर रचना आहे हे त्यांना आपोआप कळतं. संख्याशास्त्राच्या पेपरात नियंत्रित गटाची व्याख्या पाठ केलेल्या मुलांना तो गट म्हणजे काय हे मी पहिल्यांदा इथे कळताना पाहिलं.

आणि मग गणित संपल्यावर एखादा हात वर जातो. गेल्या वर्षी तो हात एका शांत मुलाचा होता, सहसा बोलत नाही. तो म्हणाला, "मॅडम, त्या सव्वीसांपैकी एकाची आई टोचलेल्यांत असेल तर?"

यावर माझ्याजवळ उत्तर नाही. त्या काळी ही लस उपयोगी पडेल याची खात्री कोणालाच नव्हती, ती अशा चाचणीतूनच झाली, आणि त्या खात्रीवर पुढे असंख्य माणसं वाचली. तरीही त्या मुलाचा प्रश्न तसाच उभा राहतो. भायखळ्याच्या कैद्यांचंही तेच आहे. कोठडीत साथ शिरलेली असताना 'स्वेच्छेने' या शब्दाचं वजन किती धरायचं, यावर आमचा एक शनिवार अख्खा गेलेला आहे. उद्या यातली काही मुलं औषधांच्या चाचण्यांत काम करणार आहेत, संमतीपत्रांवर लोकांच्या सह्या घेणार आहेत. सही घेण्यापूर्वी त्यांना भायखळा आठवावा एवढीच माझी इच्छा आहे.

तिसरा शनिवार पुण्याचा. गणेशखिंडीच्या रस्त्यावर २२ जून १८९७ च्या रात्री चाफेकरांनी रँडवर गोळी झाडली हे मुलांना शाळेपासून माहीत असतं. तो प्लेग समितीचा प्रमुख म्हणून, पहिल्या शनिवारी वाचलेल्या त्याच कायद्याखाली पुण्यात आला होता, हे माहीत नसतं. सावित्रीबाई प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या, हेही सगळ्यांना ठाऊक असतं. पण १० मार्च १८९७ ही त्यांच्या मृत्यूची तारीख आणि पुण्यातल्या लष्करी घरझडत्या एकाच वसंत ऋतूतल्या आहेत, हे त्यांनी कधी शेजारी ठेवून पाहिलेलं नसतं. मी ते ठेवते. त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी शहराबाहेर माळावर दवाखाना काढला होता. सावित्रीबाई मुंढव्याहून पांडुरंग गायकवाडांच्या मुलाला पाठीवर घेऊन तिथे आल्या. रँडचे सैनिकही रुग्णाला घरातून उचलून शहराबाहेरच नेत होते. रुग्ण वेगळा ठेवायचा, हे शास्त्र दोन्हीकडे एकच. एकीकडे त्याला पाठीवर घेतलेलं आहे, दुसरीकडे बूट घालून देवघरापर्यंत जाऊन ओढून काढलेलं आहे. लोक कोणाला दार उघडतील, हे जंतूच्या अभ्यासातून कळत नाही. आणि साथ आटोक्यात येणं तर त्या दारावरच अवलंबून असतं.

त्या दिवशी दोन कागद समोर असतात. रँडच्या प्लेग समितीच्या अहवालात अशा अर्थाचं वाक्य आहे की, स्त्रियांच्या अब्रूला हेतुपुरस्सर धक्का लागल्याची एकही विश्वासार्ह तक्रार आली नाही, ही समितीला मोठ्या समाधानाची गोष्ट वाटते. त्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन'च्या संपादकांना पत्र लिहिलं. त्यांच्या आश्रयाला असलेल्या मुलींच्या वाट्याला पुण्याच्या प्लेग इस्पितळात काय आलं, ते त्यांनी नावानिशी सही करून जाहीरपणे मांडलं. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी ते आरोप फेटाळले. मी मुलांना अहवालातल्या त्या वाक्यातले दोन शब्द अधोरेखित करायला सांगते. 'हेतुपुरस्सर' आणि 'विश्वासार्ह'. कोणाचा हेतू, आणि कोणी ठरवलेली विश्वासार्हता? तक्रार घेऊन जायचं ते कोणाकडे, तर झडती घेणाऱ्यांच्याच वरिष्ठाकडे. नोंद आली नाही म्हणजे घटना घडली नाही, असं आपण प्रयोगशाळेत तरी म्हणतो का? प्लेटवर जंतूंची वसाहत वाढली नाही तर आधी माध्यम तपासतो, तापमान तपासतो, आपण योग्य ते शोधत होतो का हे तपासतो.

याची दुसरी बाजूही त्यांना दाखवावी लागते. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी सैनिकांवर अतिशय गंभीर आरोप 'मँचेस्टर गार्डियन'मधून केले. परत आल्यावर पुरावा मागितला गेला. ज्यांनी लिहिलं होतं ते पुढे आले नाहीत. गोखल्यांनी जाहीर माफी मागितली. यावरून त्यांना आयुष्यभर बोल लागला. आमच्या वर्गात या माफीवरून दरवर्षी दोन तट पडतात आणि मी ते मिटवायला जात नाही.

आता चौथ्या शनिवारबद्दल. मला स्वतःला हा सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथे विज्ञानाचं विज्ञानाशीच भांडण आहे. १८९७ साली पुण्या-मुंबईत घरांना चुना फासला, जमिनी उकरल्या, अंथरुणं जाळली, गटारांत कार्बोलिक हे जंतुनाशक ओतलं. हे सगळं त्या वेळच्या विज्ञानाच्या नावाने चाललं होतं. जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला येरसाँ यांनी शोधला होता. पण तो माणसापर्यंत कसा पोहोचतो, हे तेव्हा माहीतच नव्हतं. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने २ जून १८९८ रोजी कराचीत एक साधा प्रयोग केला. काचेच्या मोठ्या बरणीत प्लेगने मरू घातलेला, अंगावर पिसवा असलेला उंदीर. त्याच बरणीत जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर. दोघांचा स्पर्श होऊ शकत नव्हता, पण पिसू जाळीतून जाऊ शकत होती. निरोगी उंदीर काही दिवसांत प्लेगने मेला. एवढं स्वच्छ उत्तर हातात असूनही त्या वेळच्या भारतीय प्लेग आयोगाने ते मानलं नाही. पिसवेवर शिक्कामोर्तब व्हायला १९०५ नंतरचे परळचे प्रयोग यावे लागले. तिथे प्लेगच्या पिसवा असलेल्या खोल्यांत गिनीपिगांचे पिंजरे जमिनीपासून वेगवेगळ्या उंचीवर टांगले. जमिनीलगतचे मेले, दोन फुटांवर टांगलेले वाचले, कारण पिसवेची उडी तेवढी नव्हती.

माझी आजी वाळवे तालुक्यातली. तिच्या लहानपणी 'गाठीचा ताप' दर दोन-चार वर्षांनी यायचा. ती सांगायची, आढ्यावरून उंदीर पडायला लागले की कोणी पंचांग बघत नसे, वैद्याला विचारत नसे. भांडीकुंडी, गुरंढोरं घेऊन सगळं गाव रानात झोपड्या घालून राहायचं, आणि एकदोन महिने गावठाणात दिवा लागत नसे. मला हे लहानपणी गोष्टीसारखं वाटायचं. सिमाँचा प्रयोग पहिल्यांदा नीट वाचला तेव्हा कळलं की आजीच्या गावाने उंदीर आणि घर यांच्यापासून दूर जाण्याचा जो उपाय धरला होता, तो चुना फासण्यापेक्षा कितीतरी खरा होता. मी मुलांना हे सांगते, पण त्याबरोबर हेही बजावते की त्याच गावात मरीआईचा गाडा दुसऱ्या गावाच्या शिवेवर नेऊन सोडण्याची रीतही होती. लोकांना सगळं कळतं असा भाबडा निष्कर्ष त्यांनी काढू नये. मात्र लोक काय करत होते, हे कोणीतरी वहीत टिपून घेतलं असतं तर उंदराकडे आणि पिसवेकडे लक्ष काही वर्षं आधी गेलं असतं, असं मला मनापासून वाटतं. १९९४ साली बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग पुन्हा दिसला. त्यामुळे हा विषय फार जुना झाला, असं मला कोणी सांगू नये.

पाचव्या शनिवारी आम्ही वाचतो ते त्या रांगेतून उठून गेलेल्या आजीचं. ३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मुलकोवाल गाव, आज ते पाकिस्तानात आहे. त्या दिवशी १०७ जणांना प्लेगची लस टोचली. त्यांतल्या १९ जणांना ५३-एन क्रमांकाच्या एकाच बाटलीतली लस मिळाली होती. ते १९ च्या १९ धनुर्वाताने मेले. चौकशी बसली. ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आणि हाफकिन यांच्यावर आला. लशीत घालायचं कार्बोलिक त्यांनी वगळलं होतं, केवळ उष्णतेवर भर दिला होता, हे कारण धरून त्यांना कामावरून दूर केलं गेलं. बाटली उघडताना गावात काय घडलं, हे त्याच कागदपत्रांत होतं: मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला, आणि तो जाळावर न धरता कार्बोलिकच्या पाण्यात हलवून पुन्हा वापरला. शिवाय बाटली उघडली तेव्हा तिला वास नव्हता. आधीच आठवडेच्या आठवडे दूषित असती तर वास आल्याशिवाय राहिला नसता. हिवतापाचं डासाशी नातं शोधणारे रोनाल्ड रॉस आणि त्यांच्याबरोबरच्या जंतुशास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'ला पत्र लिहून हे सगळं मांडलं. त्यानंतर हाफकिन यांच्यावरचा डाग पुसला गेला. ते परत आले, पण मुंबईच्या ज्या प्रयोगशाळेची त्यांनी उभारणी केली होती तिथे नाही, कलकत्त्याला.

या शनिवारी आम्ही वाचनानंतर प्रयोगशाळेत जातो. तीन चिमटे महाविद्यालयाच्या बागेतल्या मातीत टाकायचे. एक तसाच ब्रॉथमध्ये बुडवायचा, दुसरा फिनॉलच्या, म्हणजे त्याच कार्बोलिकच्या, द्रावणात क्षणभर हलवून, तिसरा ज्योतीवर लाल करून, गार करून. धनुर्वाताचा संबंधच नाही, मातीतल्या जंतूंचे साधे बीजाणू, म्हणजे त्यांची टणक सुप्त रूपं, असतात. दुसऱ्या दिवशी पहिली नळी गढूळ. दुसरीही गढूळ. तिसरी काचेसारखी स्वच्छ. बीजाणू फिनॉलला दाद देत नाहीत हे प्रथम वर्षापासून सांगितलेलं असतं; त्या दुसऱ्या नळीकडे बघून मुलं जशी गप्प होतात तशी मी कुठल्याही व्याख्यानाने गप्प झालेली पाहिली नाहीत. ज्योतीवर चिमटा धरायला मी त्यानंतर त्यांना कधी आठवण करून दिलेली नाही.

या प्रसंगात कोणीच दुष्ट नाही, हे मला मुलांना पुन्हा पुन्हा दाखवावंसं वाटतं. लशीची मागणी प्रचंड होती. पुरवठा वाढवण्यासाठी पद्धत सोपी केली गेली. गावात काम करणारा माणूस घाईत होता. चौकशी करणाऱ्यांना एक जबाबदार नाव हवं होतं. यातल्या प्रत्येक जागी माझा एखादा विद्यार्थी उद्या बसलेला असणार आहे: लस कंपनीच्या गुणवत्ता विभागात, प्राथमिक आरोग्य केंद्रात, एखाद्या चौकशी समितीवर. आणि त्या एकोणीस घरांत जी भीती शिरली ती पिढ्यान् पिढ्या तोंडोतोंडी फिरत राहिली, तर त्या भीतीला हसणं हा विज्ञाननिष्ठपणा नव्हे. आमच्या केंद्रावरच्या आजीच्या थोरल्या सासूबाईंनी मुलकोवालचंच ऐकलं होतं की दुसरं काही, हे मला सांगता येणार नाही. पण तिच्यासमोर बसून "हो आजी, असं एकदा झालं होतं, का झालं ते सांगतो, आणि आता ते होऊ नये म्हणून ही सुई अशी बंद पाकिटातून येते" एवढं बोलता आलं असतं, तर ती कदाचित थांबली असती.

सहाव्या शनिवारी मुलं आपापल्या घरातून आणलेले कागद वाचतात. कोणी पणजोबांच्या वहीतली नोंद आणतं, कोणी ग्रामपंचायतीची कोविडची नोटीस, कोणी लसीचं प्रमाणपत्र. त्याबद्दल इथे लिहीत नाही, ते त्यांचं आहे.

आता मला मिळालेल्या हरकती. हा प्रस्ताव मी दोनदा वर पाठवला. एकदा उत्तर आलं की हे इतिहास विभागाचं काम आहे. इतिहासाचे सहकारी मला मोलाची मदत करतात. त्यांच्याशिवाय मला जुना अहवाल कसा वाचायचा, कोणी कोणासाठी लिहिलाय हे आधी कसं पाहायचं, हे कळलंच नसतं. पण बीजाणू आणि फिनॉलची नळी त्यांच्या वर्गात नाही, आणि चिमटा पकडणारे हात माझ्या वर्गात आहेत. दुसऱ्यांदा उत्तर आलं की अशाने मुलांचा लसीवरचा, सरकारी आरोग्यव्यवस्थेवरचा विश्वास उडेल. माझा अनुभव उलट आहे. ज्यांनी उंढेऱ्याचं गणित स्वतः केलंय त्यांना लसीचं मोल कोणी पटवून द्यावं लागत नाही. मुलकोवालचा अहवाल वाचलेली मुलगी अफवेला "कुठली बाटली, कुठली तारीख, किती जणांना" असं विचारते. तिसरी हरकत खरी आहे: ही कागदपत्रं इंग्रजीत आहेत, आणि तीही शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या सरकारी इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाचा पहिला अर्धा तास शब्दकोशात जातो. मी उतारे मराठीत करून देते, पण मी भाषांतरकार नव्हे आणि कायद्याच्या एकेका शब्दाला माझी एक-एक संध्याकाळ जाते.

म्हणून माझं मागणं फार मोठं नाही. नव्या शैक्षणिक धोरणात आंतरविद्याशाखीय विषयांना जागा ठेवलेली आहे. तीतले दोन श्रेयांक, म्हणजे तीस तास, विज्ञान शाखेच्या मुलांना अशा मूळ कागदपत्रांच्या वाचनासाठी विद्यापीठांनी द्यावेत. परीक्षेत तारखा विचारू नयेत. एक न पाहिलेला कागद द्यावा आणि विचारावं की यात काय सिद्ध झालंय, काय नुसतं म्हटलंय, आणि कोणाचा आवाज यात नाही. राज्य मराठी विकास संस्थेने किंवा तशाच एखाद्या शासकीय यंत्रणेने या काळातल्या पंधरा-वीस कागदांची मराठी पुस्तिका काढावी, मूळ पानांच्या छायाचित्रांसह. मुंबईच्या पुराभिलेखागारात प्लेगच्या काळातली दप्तरं आहेत. त्यांच्या स्वच्छ प्रती तालुक्याच्या महाविद्यालयांना घरबसल्या मिळायला हव्यात. आमची मुलं मुंबईला एका दिवसात जाऊन-येऊन दप्तर बघू शकत नाहीत. एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी दोन्ही त्यांना परवडत नाहीत. आणि परळच्या हाफकिन संस्थेच्या जुन्या वास्तूत, जिथे पिसवेचे ते प्रयोग झाले, तिथे वर्षातून एकदा ग्रामीण महाविद्यालयांच्या मुलांना मुक्कामी राहून वाचन करता आलं तर मी स्वतः त्यांना घेऊन येईन.

आपल्या वाचकांपैकी कोणाच्या घरी प्लेगच्या काळातली पत्रं, चोपड्या, झोपड्यांत राहिल्याच्या नोंदी, टोचून घेतल्याचे दाखले असतील तर ते रद्दीत घालू नका. जवळच्या महाविद्यालयातल्या विज्ञानाच्या शिक्षकाला एकदा दाखवा. तो कदाचित म्हणेल की हे माझं काम नाही. तरी दाखवा.

रमाबाईंच्या पत्राचा माझा मराठी अनुवाद अजून अर्धवट आहे. त्यांनी वापरलेल्या एका-दोन शब्दांशी मी अडून बसले आहे. दिवाळीच्या सुट्टीत तो पुरा करीन, म्हणजे जानेवारीतल्या तिसऱ्या शनिवारी मुलांच्या हातात पडेल.

आपली,
सूक्ष्मजीवशास्त्राची एक प्राध्यापिका,
सातारा जिल्हा